साहित्याचा शोध : झॉम्बी-खेळांतील टंचाईसंबंधी काही विचार

मराठीत 'साहित्य' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. एक अर्थ वाङ्मयाचा. दुसरा पूजेचे साहित्य, स्वयंपाकाचे साहित्य, इमारतीचे साहित्य अशा प्रयोगांतला. एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांप्रमाणे हे अर्थ परस्परांपासून अलिप्त असतात. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या काही खेळांत, विशेषतः मृत किंवा रोगग्रस्त माणसे झुंडीने चालून येतात अशा झॉम्बी-खेळांत, मात्र या दोन अर्थांची गाठ पडण्याचा संभव निर्माण झाला आहे. या खेळांत खेळाडूचा बराचसा वेळ शत्रूशी लढण्यात जात नाही. तो जातो ओसाड घरांचे खण उघडण्यात, एखादी चिंधी, सुरीचे पाते, चिकटपट्टी किंवा मूठभर खिळे मिळतात का हे पाहण्यात, आणि हाती आलेल्या तुटपुंज्या वस्तू जोडून त्यांतून काही उपयोगाचे घडविण्यात. दुसऱ्या अर्थाच्या साहित्याचा हा शोध पहिल्या अर्थाच्या साहित्यासारखा अर्थवाही होऊ शकतो काय, आणि होत असल्यास कोणत्या अटींवर, हा येथे विचाराचा विषय आहे.

अशा खेळांविषयी लिहिताना सामान्यतः कथानक, पात्रे आणि दृश्यांची संपन्नता यांचा विचार होतो. साहित्याचा शोध हा हिशेबाचा भाग, दोन प्रसंगांमधली पोकळी भरण्यासाठी घातलेला मजकूर, असे मानून तो बाजूला ठेवला जातो. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. शंभर झाडे तोडली की शंभर ओंडके मिळतात, एवढाच ज्यांचा नियम आहे असे खेळ पुष्कळ आहेत. तेथे ढीग वाढतो, अर्थ वाढत नाही. पण एखाद्या महाकाव्यात भरतीचे श्लोक आहेत म्हणून दोष वृत्ताला देता येत नाही. भयानक रसाचा स्थायी भाव भय खरा. परंतु कोणताही स्थायी भाव अखंड टिकवून धरता येत नाही, त्याला संचारी भावांनी पोसावे लागते. या खेळांत शंका, चिंता, श्रम व औत्सुक्य हे भाव शत्रू समोर आल्यावर जेवढे उत्पन्न होतात त्याहून अधिक रिकाम्या स्वयंपाकघराचा खण उघडताना होतात. वस्तू सापडली की हर्ष, न सापडली की विषाद. शोध वगळून केवळ कथानकाची चर्चा करणे म्हणजे संचारी भाव वगळून रसाची चर्चा करणे होय.

या शोधाला पूर्वपरंपराही आहे. डॅनियल डीफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) या कादंबरीतील फुटलेल्या जहाजाचा भाग आठवावा. तेरा दिवसांत अकरा खेपा करून क्रूसो जहाजावरचे सामान तराफ्यावरून किनाऱ्यावर आणतो. सुताराची पेटी त्याला सोन्याने भरलेल्या जहाजाहून मोलाची वाटते. बाराव्या खेपेला पैसे सापडतात तेव्हा तो त्यांची निरुपयोगिता त्यांनाच ऐकवतो आणि मग, क्षणभर विचार करून, ते घेऊनही जातो. वस्तूंचे मूल्य उलटेपालटे होणे आणि तरीही जुन्या मूल्याची सवय न सुटणे, हे दोन्ही एका प्रसंगात आले आहे. ज्याला घडवणुकीचे खेळ म्हणतात त्यांचे बीज येथे दिसते.

झॉम्बीपटांच्या परंपरेतही शोधाचा प्रसंग आरंभापासूनच आहे. जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या चित्रपटात बेन हा नायक शेतघरात शिरताच लाकूड, हातोडा आणि खिळे शोधू लागतो. दारे उखडून, टेबल मोडून तो खिडक्या बंद करतो. घर वाचविण्यासाठी घर मोडावे लागते, ही पुढे खेळांनी उचललेली कल्पना तेथे एकही शब्द न बोलता मांडलेली आहे. उलट 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) या त्याच्याच पुढच्या चित्रपटातील चौघे पिट्सबर्गजवळच्या भव्य बाजारसंकुलात आश्रय घेतात. तेथे टंचाई नाही, समृद्धी आहे, आणि ती समृद्धीच त्यांना सैल व आंधळी करते. रोमेरोच्या या दोन चित्रपटांपैकी खेळांनी वारसा घेतला तो प्रामुख्याने पहिल्याचा. कारण उघड आहे. समृद्धी पाहता येते. टंचाई हाताळावी लागते, आणि खेळ हे हाताचे माध्यम आहे.

जपानच्या कॅपकॉम या संस्थेचा 'रेसिडेंट ईव्हिल' (१९९६) हा या दृष्टीने पहिला महत्त्वाचा टप्पा मानावयास हरकत नाही. त्यात क्रिस या पात्राला एका वेळी सहा वस्तू बाळगता येतात, जिल हिला आठ. खेळातली प्रगती नोंदवून ठेवावयाची तर टंकयंत्र गाठावे लागते आणि प्रत्येक नोंदीला शाईच्या फितीचा एक वापर खर्ची पडतो. गोळ्या आणि औषधी वनस्पती मोजक्या असणे समजण्यासारखे आहे. पण आपली हकीकत लिहून ठेवण्याची शक्यताच मोजकी असावी, ही कल्पना विलक्षण आहे. पुढे याच मालिकेतील तिसऱ्या खेळात (१९९९) निरनिराळ्या जातींची बंदुकीची दारू मिसळून हव्या त्या गोळ्या तयार करण्याची सोय आली. मात्र या खेळांतील वस्तूंच्या जागा बहुतांशी ठरलेल्या असतात. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला कोणत्या कपाटात काय आहे हे ठाऊक असते, आणि टंचाईची जागा स्मरणशक्ती घेते. हा दोष म्हणण्यापेक्षा रहस्यकथेची मर्यादा म्हणणे न्याय्य होईल.

टंचाईला खऱ्या अर्थाने रचनेच्या केंद्रस्थानी आणले ते नॉटी डॉग या अमेरिकन संस्थेच्या 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) या खेळाने. ब्रूस स्ट्रेली व नील ड्रकमन यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या या खेळाचे कथानक सर्वश्रुत आहे. कॉर्डिसेप्स जातीच्या बुरशीने माणसे ग्रासल्याला वीस वर्षे लोटली आहेत. जोएल नावाचा, मुलगी गमावलेला, चोरटा व्यापार करणारा मनुष्य एली या चौदा वर्षांच्या रोगमुक्त मुलीला बॉस्टनहून पश्चिमेकडे नेतो. या प्रवासात तो जे साहित्य गोळा करतो ते थोडक्या प्रकारांचे आहे : मद्यार्क, चिंध्या, चिकटपट्टी, पाती, साखर आणि स्फोटक द्रव्य. प्रत्येक वस्तू पुरती सापडत नाही. कोठे बाटलीचा एक अंश, कोठे दुसरा; अंश जमले की एक नग पुरा होतो. प्रत्येक प्रकारचे तीनच नग बाळगता येतात. बेतलेल्या वस्तूंनाही अशीच मर्यादा आहे.

या यादीतले खरे मर्म वस्तूंच्या संख्येत नसून त्यांच्या जोडण्यांत आहे. मद्यार्क आणि चिंधी यांपासून जखमेवर बांधावयाचा मलमपट्टीचा संच होतो. त्याच मद्यार्कापासून आणि त्याच चिंधीपासून शत्रूवर फेकावयाची पेटती बाटलीही होते. दोहोंचे घटक एकच, प्रमाणही एकच. म्हणजे खेळाडूच्या हाती आलेली चिंधी ही नुसती वस्तू राहत नाही. ती अद्याप न घेतलेला निर्णय असते. बरे करावे की जाळावे? आणि हा प्रश्न संवादातून विचारला जात नाही, कोणतेही पात्र तो उच्चारीत नाही. तो पाठीवरच्या पिशवीत पडून राहतो. पाते आणि स्फोटक यांचे खिळ्यांचे बाँब, साखर आणि स्फोटक यांचा धूर सोडणारा गोळा, पाते आणि चिकटपट्टी यांची ओबडधोबड सुरी, याही जोडण्यांत एकेक घटक दोन ठिकाणी लागत असल्याने तोच ताण आहे. पण मद्यार्क-चिंधीच्या जोडीइतका तो नितळ अन्यत्र नाही. जोएलच्या सबंध व्यक्तिरेखेचा प्रश्नही वस्तुतः हाच आहे. ज्या प्रेमाने तो एलीला जपतो तेच प्रेम शेवटी सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयात त्याच्या हातून संहार घडविते. एकाच द्रव्यापासून मलम आणि आग. कथानकाला जे सांगावयास पंधरा तास लागतात ते घडवणुकीच्या या एका सूत्रात पहिल्या काही तासांतच येऊन गेलेले असते.

या सूत्राला धार आणणारी आणखी एक गोष्ट आहे. वस्तू घडविताना खेळ थांबत नाही. जोएल गुडघ्यावर बसून पिशवी पुढे ओढतो, आणि तो चिंधी गुंडाळीत असताना शत्रू भोवती फिरतच असतो. अन्य अनेक खेळांत यादी उघडली की काळ गोठतो, विचाराला उसंत मिळते. येथे विचार करणे हेसुद्धा खर्चाचे काम आहे. टंचाई केवळ वस्तूंची नसून क्षणांचीही आहे, हे यातून आपोआप प्रतीत होते.

सुरीचा विचार थोडा निराळा करावा लागतो. ती ठिसूळ आहे. क्लिकर नावाचे, आंधळे पण ध्वनीवरून हेरणारे जे रोगी आहेत त्यांना मागून निःशब्द मारावयाचे तर सुरी लागते व ती खर्ची पडते. दुसरीकडे, काही कुलूपबंद खोल्यांची दारे सुरी खुपसूनच उघडता येतात; आत साहित्याचा साठा असतो, आणि दार उघडताना सुरी मोडते. म्हणजे साहित्य मिळविण्यासाठी साहित्यच खर्च करावयाचे, तेही आत काय आहे हे न जाणता. अनुभवी खेळाडूला आत मिळणारे सहसा खर्चाहून अधिक असते हे कळते, आणि तेथे या रचनेची धार किंचित बोथट होते. पण पहिल्यांदा खेळणारा त्या दाराशी घुटमळतो. ते घुटमळणे हा या खेळातील उत्तम अनुभवांपैकी एक आहे. त्यात जुगाऱ्याचा लोभ आणि संसारी माणसाची काटकसर एकाच वेळी जागी होते.

परंतु याच सुरीच्या बाबतीत खेळाने औचित्याचा भंग केला आहे हे नमूद केले पाहिजे. हिवाळ्याच्या प्रकरणात जोएल जखमी होऊन पडतो आणि सूत्रे एलीच्या हाती येतात. तिच्याजवळ घडीचा चाकू आहे, आणि तो कधीच मोडत नाही. मग इतके दिवस तिच्यासोबत चालणाऱ्या जोएलला कात्रीची अर्धी पाती चिकटपट्टीने बांधून एकदाच चालणाऱ्या सुऱ्या का कराव्या लागल्या, याचे उत्तर खेळाच्या जगात नाही. ते केवळ खेळ कठीण ठेवण्याच्या सोयीत आहे. क्षेमेंद्राने काव्याचा प्राण म्हणून औचित्य सांगितले ते अशाच ठिकाणी आठवते. टंचाई जगाच्या स्वभावातून उगवली पाहिजे. ती रचनाकाराने लादलेली दिसली की चिंतेची जागा कुरकुर घेते. तसेच, वीस वर्षे लोक लुटीत आलेल्या शहरात टेबलाच्या खणात कात्री आणि मद्यार्क अजून उरावा, हीही सवलत रचनाकाराने स्वतःला देऊन टाकलेली आहे.

मात्र त्याच हिवाळ्याच्या प्रकरणात टंचाई कथानकात जशी उतरली आहे तशी अन्यत्र क्वचितच उतरली असेल. एली हरीण मारते. डेव्हिड नावाचा एक मृदुभाषी मनुष्य भेटतो. हरणाच्या बदल्यात ती जोएलसाठी औषध मागते. सौदा साधा, दोन्ही बाजूंना गरजेचा. पुढे उलगडते की डेव्हिडची वस्ती माणसांचे मांस खाऊन तगते आहे. आतापर्यंत वस्तूंना दोन उपयोग होते. येथे माणसालाच वस्तूचा उपयोग प्राप्त होतो. खेळाडू ज्या नजरेने घरे पाहत आला त्याच नजरेने कोणी खेळाडूकडे पाहतो आहे. हा धक्का बसतो तो आधीच्या कित्येक तासांच्या शोधामुळे. शोध वगळला तर डेव्हिड हा एक नेहमीचा खलपुरुष उरेल.

आता या खेळाची सर्वात अवघड बाजू. पिट्सबर्ग सोडल्यावर जोएल आणि एली हेन्री व सॅम या भावांसह भुयारी गटारांत उतरतात. तेथे कोणी एक वस्ती करून राहिल्याच्या खुणा मिळतात : पावसाचे पाणी साठविण्याची योजना, भिंतीवर लिहिलेले नियम, मुलांची चित्रे. ठिकठिकाणी पडलेल्या चिठ्ठ्यांतून इश नावाच्या मनुष्याची हकीकत जुळते. समुद्रावर एकट्याने काढलेले दिवस, मग माणसांच्या ओढीने परतणे, मग ही वस्ती, मग एक उघडे राहिलेले दार. एका खोलीत चादरीखाली लहान मुलांचे देह आहेत. इश एकदाही पडद्यावर येत नाही. खेळातील कदाचित सर्वात हृद्य पात्र हे केवळ साहित्य शोधता शोधता, वाटेत, सापडते. ज्याने खण उघडले नाहीत त्याला ते भेटतच नाही. शोधातून आख्यान निर्माण होते याचे याहून चांगले उदाहरण देणे कठीण.

पण त्याच खोलीत, त्या चिठ्ठीपासून दोन पावलांवर, एक चिंधी आहे. चिठ्ठी वाचून झाल्यावर खेळाडू तीही उचलतो. उचलणारच, पुढे क्लिकर आहेत. तिच्या बाजूला झळकणारी खूण त्याला तेच करावयास सांगत असते. येथे प्रश्न असा उपस्थित होतो की शोधाने तयार केलेली नजर शोकाला जागा ठेवते काय. तासन्‌तास चिंध्या हुडकलेला डोळा कोणत्याही घराकडे कोठाराप्रमाणे पाहू लागतो. पाळणा दिसला तर पाळण्याच्या मागे काय आहे ते आधी पाहतो. एका पक्षाचे म्हणणे असे होईल की ही निष्ठुरता हाच खेळाचा आशय आहे. जोएल असाच झाला आहे आणि खेळाडूला त्याच्यासारखे व्हावयास लावणे हे रचनेचे यश आहे. हा पक्ष विचारार्ह आहे, पण पूर्ण मान्य होण्याजोगा नाही. कारण खेळ या निष्ठुरतेची कोठेही किंमत मागत नाही. चिंधी उचलण्याने काही बिघडत नाही, न उचलण्याने केवळ तोटा होतो. जेथे निवडीच्या एकाच बाजूला वजन आहे तेथे निवड नाही. मद्यार्क आणि चिंधी यांचे काय करावे याविषयी हा खेळ फार सूक्ष्म विचार करतो. ती कोणाची होती याविषयी त्याचे कथानक विचार करते, परंतु त्याची रचना करीत नाही.

येथे टंचाईच्या प्रमाणाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कठीण पातळ्यांवर, विशेषतः 'ग्राउंडेड' नामक कठोरतम पातळीवर, साहित्य फारच कमी मिळते. त्यामुळे तेथेच खेळाचे खरे स्वरूप दिसते असे अनेक खेळाडू मानतात. सोप्या पातळीवर तीन नगांची मर्यादा वरचेवर भरते आणि सापडलेल्या वस्तू तशाच सोडून द्याव्या लागतात, तेव्हा टंचाईच्या जगात उधळपट्टीचे हास्यास्पद दृश्य दिसते, हे खरे. परंतु कमी म्हणजे अर्थपूर्ण असे समीकरण मांडता येत नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी घटकांच्या संबंधांची मीमांसा केली, ती येथे मार्गदर्शक ठरावी. टंचाईचा अर्थ घटकांच्या राशीत नसतो, त्यांच्या परस्परसंबंधांत असतो. ज्या चिंधीचा एकच उपयोग आहे अशी चिंधी दुर्मिळ असली तर ती फक्त दुर्मिळ असते.

'द लास्ट ऑफ अस'मध्ये जी उणीव दिसली तिचे उत्तर एका अगदी निराळ्या, दिसावयास ओबडधोबड अशा खेळात शोधावे लागते. इंडी स्टोन या लहानशा गटाचा 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड' हा खेळ २०१३ च्या अखेरीस स्टीमवर अपूर्णावस्थेतच विक्रीस आला आणि पुढे वर्षानुवर्षे त्यात भर पडत गेली. येथील विवेचन डिसेंबर २०२१ मध्ये स्थिरावलेल्या ४१ व्या आवृत्तीला धरून आहे. यात सांगितलेली कथा जवळजवळ नाही. स्थळ अमेरिकेतील केंटकी राज्य, काळ जुलै १९९३. मलड्रॉ, वेस्ट पॉइंट, लुईव्हिल ही खरी गावे आणि काही कल्पित गावे यांचा विस्तीर्ण नकाशा उंचावरून तिरकस दिसतो. खेळाच्या आरंभीच जाहीर केले जाते की ही खेळाडूच्या मृत्यूची हकीकत आहे. पुढे जे काही आहे ते तो मृत्यू लांबविणे.

येथे आपत्ती वीस वर्षांपूर्वीची नसून कालपरवाची आहे. शीतपेटीत दूध अजून चांगले आहे. वीज आणि पाणी चालू आहेत आणि नेहमीच्या मांडणीत महिन्याभराच्या आत, नेमके कधी ते न सांगता, बंद पडतात. वस्तू जेथे असाव्यात तेथे असतात. सुई-दोरा घरात, खिळे आणि करवत गॅरेजमध्ये किंवा अवजारांच्या दुकानात, औषधे औषधालयात. नेमक्या कोणत्या घरात, हे मात्र प्रत्येक नव्या खेळात दैवावर अवलंबून. परिणामी खेळाडूला वस्तूंची जागा पाठ करता येत नाही. त्याला घरे वाचावी लागतात. अंगणातली छपरी, गाडीचा प्रकार, खिडकीला ठोकलेल्या फळ्या यांवरून येथे कोण राहत होते याचा तर्क करावयाचा आणि त्या तर्कावर जीव पणाला लावावयाचा. 'द लास्ट ऑफ अस'मध्ये वस्तूची खूण झळकते; येथे अनुमान करावे लागते. न्यायशास्त्रातील धूर आणि अग्नी यांच्या जागी येथे लाकडाचा भुसा आणि करवत आहे, असे थट्टेने म्हणावयास हरकत नाही.

या खेळातील चादरीचे उदाहरण घेतले म्हणजे फरक स्पष्ट होतो. चादर खिडकीला लावली तर बाहेरच्यांना आतले दिसत नाही. ती फाडली तर जखमेला बांधावयास पट्ट्या होतात, त्या उकळून निर्जंतुकही करता येतात. तिचा पीळ घालून दोर केला तर वरच्या मजल्याच्या खिडकीतून उतरता येते. तो अडकवावयास मात्र एक खिळा हवा. आडोसा, औषध, सुटका, हे तिन्ही चादरीच्या चादरपणातून निघाले आहेत. मद्यार्क आणि चिंधी यांचे द्वंद्व काव्यमय आहे, पण ते रचनाकाराने जुळविलेले आहे. चादरीचे उपयोग कोणत्याही गृहिणीने सांगितले असते. खिळ्यांचेही तसेच. खिडकीवर एक फळी ठोकावयास दोन खिळे लागतात आणि एका बाजूने चार फळ्या बसतात. म्हणजे एका खिडकीला आठ खिळे, आणि घराला खिडक्या किती? खिळे संपले की घरातले कपाट मोडावयाचे. त्यातून फळ्या निघतात, एखादा खिळाही. बेनने १९६८ साली जे केले तेच करीत खेळाडू रात्र काढतो.

खिळे निदान ठिकठिकाणी मिळतात. घणाची गोष्ट वेगळी. भिंत किंवा जिना पाडावयास तो हवा, जिना पाडून दोराने वर राहणे हा सुरक्षिततेचा उत्तम उपाय, आणि घण स्वतः घडविता येत नाही; तो सापडावाच लागतो. एका घणासाठी गावेच्या गावे पालथी घालणारे खेळाडू या खेळाला नवीन नाहीत. जनरेटर मिळाला तरी तो चालवावयाचे ज्ञान साधारणतः एका मासिकाच्या अंकातून मिळवावे लागते. म्हणजे वस्तूच्या टंचाईबरोबर वाचनसामग्रीचीही टंचाई आली, आणि 'साहित्य' शब्दाचे ते दोन भाऊ अखेर एका पुस्तकाच्या दुकानाच्या दारात भेटले. असे असले तरी या खेळाच्या मर्यादाही लपत नाहीत. त्यातील लुटीचे प्रमाण खेळाडूला आपल्या इच्छेने कमी-अधिक ठरविता येते. ज्याने दारिद्र्याचे माप स्वतः बेतले त्याच्या दारिद्र्यात एक प्रकारची हौस शिरते. आणि एकदा तळ भक्कम झाला, पेट्या भरल्या, की हाही खेळ कोठारपालाच्या नित्यकर्मात बुडतो. क्रूसोच्या कादंबरीचे मधले भाग वाचतानाही हाच थकवा येतो.

तथापि ज्या ठिकाणी 'द लास्ट ऑफ अस'ची रचना मूक राहिली त्या ठिकाणी 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड' बोलतो, आणि तेही कथानकाची मदत न घेता. पहिल्या खेळात जोएल मेला की काही क्षण मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. खर्च झालेली चिंधी परत येते. दुसऱ्यात मेलेले पात्र परत येत नाही. खेळाडूला त्याच जगात नवे पात्र मात्र घेता येते, आणि ते पात्र दुसऱ्याच कोणाचे तरी असते, वेगळ्या व्यवसायाचे, रिकाम्या हातांचे. अशा वेळी बहुतेक खेळाडू एकच गोष्ट करतात. ते चालत आपल्या जुन्या घरी जातात. खिडक्यांवर फळ्या आहेत, कोणत्या फळीला किती खिळे लागले हे ठाऊक आहे. पडद्याऐवजी लावलेली चादर कोठून आणली हेही आठवते. घर आता परक्याचे आहे. खण उघडले की वस्तू सापडतात, आणि त्या कोणी जमविल्या याची आठवण, एरवी ओसाड घरांतून न होणारी, या एका घरात टाळता येत नाही. पाठीवरच्या पिशवीतले बाकीचे साहित्य मात्र घरात नसते. चावा लागून मेलेले जुने पात्र उठून आवारात हिंडत असते, पिशवी अजून त्याच्या पाठीवर असते, आणि ती हवी असेल तर आधी त्याला मारावे लागते.